त्रिस्तरीय पंचायतराज आणि सारंगखेड्याची जत्रा : एक चिकित्सक टिपण

प्रस्तावना :
भारतीय संघराज्याचे विवेचन करताना केंद्र, राज्य व स्थानिक शासन या जणू एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत, अशी मांडणी अभ्यासक्रमातून केली जाते. उत्तरपत्रिकेस सोयीची असलेली ही मांडणी वास्तवास कितपत न्याय देते, याचा विचार प्रस्तुत टिपणात शहादा तालुक्यातील सारंगखेडा या गावाच्या संदर्भात केला आहे.

विवेचन :
तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीस भरणारी जत्रा व घोडेबाजार सर्वश्रुत आहेत. 'बाजार व जत्रा' हा विषय राज्यघटनेत दोन ठिकाणी आढळतो : राज्यसूचीत (नोंद २८) आणि ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अमलात आलेल्या अकराव्या अनुसूचीत (नोंद २२). मात्र दोन्ही नोंदींचे वजन सारखे नाही. राज्यसूची राज्यास थेट अधिकार देते. अकराव्या अनुसूचीतील २९ विषय पंचायतींकडे किती प्रमाणात सोपवावेत, हे अनुच्छेद २४३-छ ने राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर ठेवले आहे. तापीचेही तसेच. आंतरराज्यीय नदी म्हणून तिच्या नियमनाबाबत संसदेस अधिकार, पाणी हा विषय राज्याचा, आणि पिण्याचे पाणी पंचायतीच्या यादीत.

महाराष्ट्राने १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदेस बळ दिले, हे नाकारता येत नाही. तथापि तोही राज्याने दिलेला अधिकार होता.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. शहादा तालुक्यातील काही गावेच अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभा व पंचायतींना गौण वनोपजाची मालकी, गावबाजाराचे व्यवस्थापन आदी अधिकार मिळतील याची जबाबदारी राज्यांवर टाकली. महाराष्ट्राने त्याचे नियम केले ते २०१४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. परिणामी एकाच पंचायत समितीखालील दोन शेजारगावांतील ग्रामसभांचा दर्जा भिन्न ठरतो. 'त्रिस्तरीय' ही संज्ञा हा भेद झाकून टाकते.

समारोप :
सारांश, स्तरांची संख्या सांगितल्याने सत्तेचे वाटप समजत नाही. अधिकार कोणी दिला, तो कोण काढून घेऊ शकतो आणि निधी कोणाच्या हाती आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक स्तराला विचारावे लागतात. आपल्या गावची ग्रामसभा पेसाखाली येते की नाही, हे राज्यशास्त्राच्या पदवीधरास सांगता येत नसेल, तर दोष केवळ त्याचा नाही. जिन्याचे चित्र काढून थांबणाऱ्या आपल्या अध्यापनाचाही आहे.