खुंट की माणूस?

विद्यापीठाच्या आवारातली वाहतूक संगणकावर चालवून पाहणं हा अभियंत्यांचा विषय. त्यात तत्त्वज्ञानवाल्यांचं काय काम, असं काहींना वाटेल. नांदेडजवळ विष्णुपुरीत १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं आवार डोळ्यांपुढे आणा. एकाच रस्त्यावर पायी पोरंपोरी, सायकली, दुचाक्या, मध्येच बस. गतिरोधक कुठे हवा, हे डांबर पडायच्या आधी कळलं तर चांगलंच. आमचा आक्षेप तिथे नाही. त्या प्रतिकृतीत माणूस कोणत्या हिशेबानं शिरतो, तिथे आहे.

आपल्याकडे गाड्या मोजतात त्या मोटारीच्या मापानं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे १. सायकल ०.४ ते ०.५, टांगा १.५ ते २, हातगाडी २ ते ३. म्हणजे केळी विकणारा दोन-तीन मोटारींची जागा खातो! आणि पायी चालणारा? तो या कोष्टकात नाहीच. त्याच्यासाठी निराळी मार्गदर्शिका आहे, मान्य. पण निराळी पंगत म्हणजे काय असतं, हे मराठवाड्यात सांगायला नको.

बरं, पादचाऱ्याचा विचार कुणी केलाच नाही असंही नाही. डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी १९९५ साली ‘सामाजिक बला’चं प्रारूप मांडलं. माणूस मुक्कामाकडे ओढला जातो. इतर माणसं आणि भिंती त्याला दूर लोटतात. कल्पना सुंदर आहे. मित्राच्या ओढीलाही त्यात जागा आहे, फक्त ती ओढ वेळ जाईल तशी कमी होत जाते. (आमचे विद्यार्थी त्याला अपवाद असावेत, चहाच्या टपरीवर ती वाढतच जाते.)

पण बल हे कारण झालं, प्रयोजन नव्हे. न्यायदर्शनाच्या १६ पदार्थांत संशय आणि प्रयोजन लागोपाठ येतात. संशयाचं जुनं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे: लांबून दिसतंय ते खुंट आहे की माणूस? लातूरच्या गंजगोलाईत, जिथे १६ रस्ते मिळतात, तिथे रस्ता ओलांडणारी आजी क्षणभर थांबते. दुचाकीवाल्याकडे बघते, हात वर करते, तोही वेग कमी करतो. हा व्यवहार दोघांनी एकमेकांना माणूस म्हणून ओळखल्यावरच होतो. अंतर आणि वेग एवढंच पाहणाऱ्या प्रतिकृतीत मात्र थांबलेली आजी आणि खुंट यांत फरक उरत नाही. दोघंही अडथळाच.

हे शब्दांचे खेळ नव्हेत. अडथळा म्हटलं की तो हटवायचा असतो, मग रस्ता रुंद होतो आणि झाडाखालची चालायची पट्टी जाते.

म्हणून आवाराचा आराखडा कुणी पडद्यावर दाखवला, तर आधी विचारा, ‘सरासरी विलंब’ कुणाचा? वाहनांचा असेल, तर ४० जणांची बस आणि एकट्याची स्कूटर सारखीच मोजली गेली. हिशेब माणशी करून मागा. आणि पायी जाणाऱ्यांना ओलांडायला किती वेळ थांबावं लागलं, त्याचा रकाना त्याच कोष्टकात मागा, निराळ्या कागदावर नको.