उंदराची पोहण्याची परीक्षा

शिरूरजवळ नगर रस्त्यावर मोटारसायकल घसरते. डोके आपटते, क्षणभर अंधारी येते. माणूस कपडे झटकून घरी जातो. दौंडकडे उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्याचेही तेच. तिसऱ्या दिवशी डोके ठणकू लागते, नावे आठवत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. मेंदूच्या अशा सौम्य इजेवर खास मान्यता मिळालेले औषध आजही नाही.

मग ‘उंदरांना गुण आला’ या बातम्या कशाच्या? भूल दिलेल्या उंदराच्या डोक्यावर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडतात. बहुधा काही तासांतच औषध टोचतात. पुढे गढूळ पाण्यात पोहत, पाण्याखाली दडवलेला चौथरा तो किती लवकर गाठतो हे मोजतात. प्रयोग नेटका आहे, पण आपला रुग्ण येतो दोन-तीन दिवसांनी, आणि तक्रार करतो ‘चिडचिड होते, वाचवत नाही’ अशी. उंदीर हे सांगणार कसे? त्याचा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा, घड्या नसलेला. आपला सव्वा किलोच्या वर. शिवाय भुलीची काही औषधे स्वतःच मेंदूला थोडे सांभाळतात!

प्रोजेस्टेरॉनची गोष्ट वर्गात जरूर सांगा. उंदरांत ते वारंवार यशस्वी ठरले. मध्यम व गंभीर इजांच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ साली आले. दोन हजारांवर रुग्ण, फायदा शून्य. म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग टाकाऊ ठरत नाहीत. आक्षेप एवढाच, की औषध दोन दिवस उशिरा देऊन पाहणारे, माद्यांनाही सामील करणारे प्रयोग फार थोडे होतात.