अ‍ॅप दिलं की मूल बोलतं? एका गाजलेल्या ट्रायलचं वाचन

विशेष शिक्षणात पीएच.डी.चा प्रस्ताव लिहिणाऱ्यांच्या शीर्षकांत हल्ली एक साचा सारखा दिसतो: 'स्वमग्न विद्यार्थ्यांच्या संवादकौशल्यावर अमुक अ‍ॅपचा परिणाम'. आधाराला बहुतेक वेळा कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा पेपर असतो. पेपर चांगला आहे, या विषयातल्या सर्वांत नीट आखलेल्या अभ्यासांपैकी एक. पण त्याच्या नावावर जी वाक्यं खपवली जातात, त्यातली निम्मी त्यात नाहीत. म्हणून आज तो सावकाश वाचू.

आधी अभ्यास काय होता ते. ५ ते ८ वर्षं वयाची ६१ स्वमग्न मुलं, सगळी अत्यल्प बोलणारी. अमेरिकेतली तीन केंद्रं. निम्म्या मुलांना एक मिश्र उपचारपद्धती दिली: एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देणं, प्रतीकात्मक खेळ, आणि खेळता खेळता नैसर्गिक संवादातून भाषा. उरलेल्या निम्म्यांना हेच सगळं, शिवाय चित्रावर बोट ठेवलं की शब्द मोठ्याने बोलणारं उपकरण. आठवड्याला दोन सत्रं, तीन महिने. मग प्रतिसाद बघायचा. ज्यांची प्रगती मंद, त्यांच्यासाठी पुढच्या तीन महिन्यांत उपचार बदलायचा: एकतर सत्रं वाढवायची, किंवा उपकरणाशिवाय सुरुवात केलेल्यांच्या बाबतीत उपकरण जोडायचं. त्यानंतर आणखी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. या आराखड्याला 'स्मार्ट' म्हणतात, म्हणजे टप्प्याटप्प्याने पुन्हा पुन्हा यादृच्छिक वाटणी. वर्गात शिक्षक जसं 'हे चाललं नाही, आता ते करून बघू' म्हणतो, तेच इथे शिस्तीत केलंय.

निष्कर्ष: उपकरणासह सुरुवात केलेल्या मुलांची स्वयंस्फूर्त उच्चारणं, नवे शब्द आणि टिप्पण्या, तिन्ही जास्त वाढली.

आता प्रश्न विचारा. तुलना कशाची कशाशी झाली? 'अ‍ॅप विरुद्ध काहीच नाही' अशी तुलना इथे कुठेच नाही. दोन्ही गटांना प्रशिक्षित थेरपिस्ट होता. शिवाय बिनउपकरणाच्या गटातल्या काही मंद मुलांना मधल्या टप्प्यावर उपकरण मिळालंच. म्हणजे सहा महिन्यांच्या शेवटी जी तुलना होते ती 'उपकरण दिलं' आणि 'दिलं नाही' यांची नसून 'सुरुवातीपासून दिलं' आणि 'आधी बोलणं बघू, जमलं नाही तर देऊ' यांची आहे. आपल्याकडे पालकांना नेमका हा दुसरा सल्ला मिळतो. 'आधी तोंडाने बोलू दे, टॅब दिला की आळशी होईल.' त्या सल्ल्याविरुद्ध हा पेपर खरोखर पुरावा आहे. पण टॅब हातात देऊन मुलाला कोपऱ्यात बसवण्याच्या बाजूने तो पुरावा नाही, आणि शीर्षकात अ‍ॅपचं नाव टाकणारा प्रस्ताव नकळत तेच मोजायला निघतो.

दुसरा प्रश्न, मोजलं काय? इथे मला लेखकांचं कौतुकही वाटतं आणि थोडी तक्रारही आहे. मुख्य मोजमाप होतं स्वयंस्फूर्त संवादात्मक उच्चारणं. तोंडाने बोललेली धरली तशी उपकरणातून आलेलीही धरली. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे; मुलाने 'पुरे' म्हटलं हे महत्त्वाचं, कुठून म्हटलं हे नाही. पण मग एका गटाकडे गुण मिळवायला दोन दारं आहेत आणि दुसऱ्याकडे एकच. त्यामुळे 'उपकरणामुळे मुलं जास्त संवाद साधू लागली' हे वाक्य टिकतं. 'उपकरणामुळे मुलं बोलू लागली' हे त्या एका आकड्यावरून टिकत नाही. मी वाचलेल्या प्रस्तावांत बहुतेक वेळा दुसरं वाक्यच असतं.

बोलण्याबद्दलच दावा करायचा असेल तर लोक मिलर, लाइट आणि श्लोसर यांच्या २००६ च्या आढाव्याकडे वळतात. त्यातल्या भक्कम पुराव्याच्या २७ प्रकरणांपैकी ८९ टक्क्यांत बोलणं वाढलं, ११ टक्क्यांत फरक पडला नाही, कमी कुणाचंच झालं नाही. पालकांची भीती घालवायला इतकं पुरेसं आहे, आणि ते जरूर सांगावं. पण दोन गोष्टी सोबत सांगाव्यात: वाढ बहुतेकांत बेताची होती, आणि त्या अभ्यासांतली साधनं मुख्यतः हाताच्या खुणा नि साधे चित्रतक्ते होती. आयपॅड बाजारात आला २०१० ला! २००६ चा आढावा 'अ‍ॅप'चा पुरावा म्हणून टाकला तर तोंडी परीक्षेत कुणीतरी हे विचारणारच.

कसारींच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: त्यांनी टिप्पण्या वेगळ्या मोजल्या. टॅब्लेटवरच्या कितीतरी लहान अभ्यासांत मुलाने काय केलं? बिस्कीट मागितलं, खेळणं मागितलं. मागणं शिकवायला सोपं, मोजायलाही सोपं, आणि आलेख छान चढतो. पण खिडकीतून 'पाऊस!' असं कुणाला तरी सांगणं, त्यातून काही मिळणार नसताना, हे वेगळं काम आहे. तुमच्या निरीक्षण तक्त्यात या दोन्हींसाठी एकच रकाना असेल तर तो आजच फोडा.

आता भाषेचा मुद्दा. अर्थात तो या पेपरचा दोष नाही, तिथली मुलं इंग्रजीत शिकत होती. दोष आपला, कारण आपण इंग्रजी ग्रिडचं भाषांतर करून मोकळे होतो. इंग्रजीत 'मी', मग 'हवं', मग वस्तू, अशी बटणं डावीकडून उजवीकडे लागतात. मराठीत 'मला पाणी पाहिजे': कर्ता 'मी' नाही, 'मला' आहे, आणि क्रियापद शेवटी. 'मी' बटणाला विभक्ती कोण लावणार? अ‍ॅप लावत नसेल तर मूल महिनोन्‌महिने 'मी पाणी पाहिजे' ऐकणार, आणि आपण त्याला भाषेचा नमुना म्हणणार. 'जातो' की 'जाते' हे मुलगा-मुलगी पाहून ठरतं, तेव्हा क्रियापदाचं बटण एक ठेवायचं की दोन? उलट काही बाबतींत मराठी मुलाचं काम सोपं करते. 'नको' या एका शब्दात नकार आणि इच्छा दोन्ही येतात. इंग्रजीला त्यासाठी किमान दोन बटणं लागतात. म्हणजे पायाभूत शब्दांची यादी इंग्रजीवरून उतरवून चालत नाही. घरातल्या, वर्गातल्या मराठी बोलण्यातून ती नव्याने काढावी लागते. माझ्या मते इथे 'अमुक अ‍ॅपचा परिणाम' यापेक्षा कितीतरी जास्त संशोधन पडून आहे.

साधनांची वानवा पूर्वीइतकी नाही. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' आहे, आयआयटी बॉम्बेच्या आयडीसीतून आलेलं 'जेलो' आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धती घातल्या आहेत. त्यामुळे 'अ‍ॅप उपयोगी आहे का' हा प्रश्न थोडा शिळा झालाय. ते रोज किती वेळ मुलाच्या हाताशी असतं, घरी जातं की शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहतं, आणि मोठी माणसं स्वतः त्यावर बोट ठेवून बोलून दाखवतात का, हे नोंदवा. आठवड्याला दोन सत्रं, सोबत प्रशिक्षित माणूस: कसारींच्या अभ्यासात हे ठरलेलं होतं. तुमच्या शाळेत काय ठरलेलं आहे, ते पद्धतीच्या प्रकरणात पहिल्या पानावर यायला हवं, आणि शीर्षकातलं अ‍ॅपचं नाव त्यानंतर ठेवायचं की काढायचं ते ठरवा.