आहारतज्ज्ञ पदवीचा अभ्यासक्रम : कोष्टक आणि ताट यांतील अंतर

प्रस्तावना

भारतीय विद्यापीठांत आहारशास्त्राचे शिक्षण प्रामुख्याने गृहविज्ञान शाखेतून विकसित झाले. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही आहारतज्ज्ञांची संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली. पदवी, पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील आंतरवासिता आणि या संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ परीक्षा असा या व्यवसायाचा सर्वसाधारण मार्ग राहिला आहे. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग अधिनियमाने आहारतज्ज्ञाचा समावेश अनुसूचीत केला. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांची अटही त्यात आहे. तासांची मर्यादा कायद्याने ठरली. ते तास कशावर खर्च व्हावेत याचा विचार मात्र अध्यापकांनी करावयाचा आहे.

कोष्टकांची अचूकता

या शिक्षणाचा कणा म्हणजे अन्नघटकांची कोष्टके. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे १९७१ चे पुस्तक अनेक पिढ्यांनी वापरले. २०१७ मध्ये संस्थेने ५२८ अन्नपदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. १०० ग्रॅम ज्वारीत जुन्या पुस्तकानुसार ३४९ किलोकॅलरी, तर नव्या कोष्टकानुसार सुमारे ३३४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. हा फरक १५ किलोकॅलरींचा आहे. परंतु एका घरची भाकरी ४० ग्रॅम पिठाची आणि दुसऱ्या घरची ८० ग्रॅमची असेल, तर रुग्णाने सांगितलेल्या 'दोन भाकरी' या उत्तरातच दुपटीचा फरक पडतो. कोष्टक कितीही काटेकोर असले तरी ही चूक ते दुरुस्त करू शकत नाही.

विद्यार्थिनी प्रमाणित वाटी व चमचा वापरून आहार आखण्यास शिकते. तिच्यासमोर येणारा रुग्ण मात्र 'मूठभर', 'पळीभर', 'पोटापुरते' या मापांत बोलतो. गेल्या २४ तासांत काय खाल्ले, या प्रश्नाच्या उत्तरात चहातील साखर, शेंगदाण्याची चटणी आणि उपवासाचा साबुदाणा हमखास गळतो. तो नेमका कसा काढून घ्यावा, हे कौशल्य परीक्षेत क्वचितच तपासले जाते. पाठ्यपुस्तके इंग्रजी आणि रुग्ण मराठी, यामुळे ही दरी अधिक रुंदावते.

येथे एक आक्षेप संभवतो. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने व पोटॅशियम यांचा हिशेब अंदाजाने करता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेतील शिस्त अपरिहार्य आहे. हा आक्षेप रास्त आहे. तथापि ज्या माहितीवर हिशेब बेततो, तीच सैल असेल तर त्या शिस्तीला अर्थ उरत नाही. अचूक गणित करणे आणि अचूक प्रश्न विचारणे ही एकाच कामाची दोन अंगे होत.

समारोप

यासाठी नव्या विषयपत्रिकेची गरज नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थिनीने काही घरांतील भाकरीचे पीठ व फोडणीचे तेल प्रत्यक्ष मोजावे. अंतिम वर्षी रुग्णाशी त्याच्या भाषेत झालेल्या संवादाचे बहिःस्थ परीक्षकांकडून मूल्यमापन व्हावे. रुग्ण पथ्य पाळत नाही, ही तक्रार रुग्णालयांत वारंवार ऐकू येते. सांगितलेले पथ्य त्याच्या ताटाला लागू पडत होते काय, हा प्रश्न त्याआधी विचारला गेला पाहिजे. आणि तो विचारण्याची सवय पदवीच्या काळातच लागली पाहिजे.