नाव कुत्र्याचं, करणी माणसाची

तत्त्वज्ञानाच्या माणसानं कुत्र्यांवर कशाला बोलावं, असं कुणाला वाटेल. पण न्यायशास्त्रातला एक जुना धडा आज आपल्याला इथंच उपयोगी पडणार आहे.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना एक पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, तोसा, कांगाल अशा २३ जाती आणि त्यांचे संकर माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत. त्यांची आयात, पैदास, विक्री थांबवा. ज्यांच्या घरी ती आधीच आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी. पुढच्याच महिन्यात, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द ठरवलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलंच नाही, हा त्यातला एक मुख्य आक्षेप. न्यायालयानं कार्यपद्धती तपासली. आपण पत्रामागचा तर्क तपासू.

धूर दिसला की तिथं अग्नी आहे, असं अनुमान आपण करतो. उलटं मात्र करता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी नजरेआड झाली की अनुमान फसतं.

आता ‘ही जात, म्हणून हा चावणार’ हे अनुमान घ्या. इथलं ओलं सरपण कोणतं? दिवसभर आखूड साखळीला बांधणं, मारून-चिडवून ‘तयार’ करणं, माणसांची सवयच न लावणं. आणि या सगळ्याच्या आधी, पिल्लू आईपासून फार लवकर तोडणं. पिल्लं खेळताना एकमेकांना चावतात. जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ मोडतो. दात किती रुतवायचा, हे ते तिथं शिकतं. ही शाळा बुडवलेलं पिल्लू आपण घरी आणतो आणि पुढं जातीला दोष देतो. वड्याचं तेल वांग्यावर काढण्यातला हा प्रकार.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा एक अभ्यास आला. वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो, असं त्यात दिसलं.

मग जात म्हणजे निव्वळ थाप का? नाही, असं म्हणणंही आळशीपणाचंच. रॉटवायलरचा जबडा आणि पामेरियनचा जबडा एक नव्हे. ज्याच्या पोराला कुत्र्यानं फाडलंय, त्याला टक्केवारी ऐकवणं माणुसकीला धरून नाही. पळणाऱ्या जनावरामागं सुटणं आपल्या कारवानीच्या रक्तात आहेच. पण ते रक्तात आणलं कुणी? पिढ्यान्‌पिढ्या निवड करणाऱ्या माणसानं. तेव्हा जातीचा परिणाम जितका खरा मानाल, तितकी पैदास करणाऱ्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. त्या पत्रातली यादी मात्र कुत्र्याचं नाव लिहून थांबली.

आणि बदनामीच जाच करते असं नाही, नावलौकिकही करतो. मुधोळ आपल्यापासून फार लांब नाही. घोरपड्यांचं जुनं संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या हाउंडचं २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं. अभिमान वाटतो, वाटावाच. पण अभिमानापोटी ते पिल्लू घेऊन दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बांधायचं, याला प्रेम कसं म्हणायचं? उघड्या माळावर धावण्यासाठी घडलेला तो प्राणी. तो बिथरला की आपण म्हणणार, ‘शिकारीच जात ती!’ कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, अशी आपल्याकडं म्हण आहे. नळी कुणी घातली, हे ती म्हण विचारत नाही.

गंमत म्हणजे योग्य प्रश्न विचारणारे नियम २०१७ पासून आहेत. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठीचे हे केंद्राचे नियम. त्यात राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं पैदासकाराची नोंदणी सक्तीची आहे. अठरा महिन्यांच्या आतल्या मादीपासून पिल्लं घ्यायची नाहीत. तिच्या आयुष्यात पाचाहून जास्त वेतं नकोत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. यांत कुठल्या जातीचं नाव नाही. रोख थेट माणसाच्या वागण्यावर, म्हणजे आपल्या ओल्या सरपणावर आहे.

पण नियम कागदावर राहिला तर यादी तरी बरी, असं लोक म्हणणारच. त्यांचं भय खोटं नाही. म्हणून नुसतं बंदीला विरोध करून आपली सुटका होत नाही. मोबाइलवर फोटो बघून पाच आठवड्यांचं पिल्लू मागवणारे आपल्यातलेच आहेत. विकणारा आपल्याच हौसेवर जगतो.

तेव्हा पुढच्या वेळी पिल्लू घ्यायला गेलात, तर जात विचारण्याआधी नोंदणीचा कागद मागा, जन्मतारीख विचारा आणि पिल्लाची आई दाखवा म्हणा. आई दाखवायला तो का-कू करू लागला, तर हात हलवत परत या.