पाहुण्यांची कथा, यजमानांचें मौन

निर्वासितांविषयीं लिहिलेल्या ग्रंथांची आतां वाण राहिलेली नाहीं. वाण आहे ती ज्यांच्या भूमीवर ते येऊन राहतात त्यांच्याविषयीं लिहिणारांची. डेव्ह एगर्स या अमेरिकन लेखकाची 'व्हॉट इज द व्हॉट' (२००६) ही कादंबरी वाचतांना ही उणीव आम्हांस प्रकर्षानें जाणवली.

सुदानच्या यादवींत घरदार गमावून इथिओपिया व तेथून केनिया गांठणाऱ्या व्हॅलेंटिनो अचक डेंग या दिंका मुलाची ही हकीकत. माणूस खरा, लेखणी मात्र एगर्सची, म्हणूनच तिला कादंबरी म्हटलें आहे, आणि तें प्रामाणिकपणाचेंच झालें. अटलांटा शहरांत चोरांनीं बांधून टाकलेला नायक आपली कथा मनांतल्या मनांत त्या चोरांनाच सांगतो, ही योजना फार मार्मिक आहे.

पण काकुमाच्या भागाकडे वळावें. केनियाच्या वायव्येस, तुर्काना लोकांच्या कोरड्या मुलुखांत १९९२ सालीं ही छावणी वसली. छावणींतल्या माणसास शिधा मिळे, शेजारच्या तुर्कानास नसे. तो सरपण व कोळसा आणून धान्याशीं बदली, आणि त्या सरपणावरूनच कलह माजत. निर्वासितांस गुरें राखण्याची मोकळीक नव्हती. आतां ग्रंथाचें नांव ज्या दिंका दंतकथेवरून आलें ती पहा : ईश्वर माणसापुढें गुरें आणि एक अज्ञात 'कांहींतरी' ठेवतो, व माणूस गुरें पत्करतो. तुर्कानाहि गुरांवरच जगणारा! एका जमातीचीं गुरें युद्धानें नेलीं, दुसरीचीं अवर्षण नेतें, आणि दोघी शेजारीं राहतात. याहून मोठा नाट्यविषय कादंबरीकारास कोणता हवा? तरी या पानांत तुर्काना येतो तो बहुधा लुटारू म्हणून.

छावणींतल्या तरुणांच्या नाटकमंडळीचीं पानें ग्रंथांतील सर्वांत प्रसन्न आहेत. पण त्या प्रेक्षकांत एखादा तुर्काना पोरगा उभा होता काय? हा प्रश्न लेखकास सुचलेलाच दिसत नाहीं. भ्यालेल्या मुलास जेवढें दिसलें तेवढेंच तो सांगणार, असें कोणी म्हणेल. तें नायकापुरतें खरें. परंतु कादंबरी म्हणवून घेतल्यावर एगर्सचे हात कोणीं बांधले होते?

सुरक्षा परिषदेनें ९ डिसेंबर २०१५ च्या २२५० क्रमांकाच्या ठरावानें शांतताकार्यांत तरुणांस वाटा द्या म्हणून सांगितलें. पुढें २०१६ त काकुमाजवळ कालोबेयेइ ही वसाहत उभारली, ती निर्वासित व तुर्काना यांनीं शाळा-दवाखाने मिळून वापरावे या हेतूनें. तेथें एका बाकावर बसणाऱ्या दोन पोरांनीं उद्यां हें पुस्तक उघडलें, तर एकास आपल्या भाऊबंदांची सबंध कहाणी त्यांत मिळेल. दुसऱ्यास आपला बाप दरोडेखोर म्हणून भेटेल. त्या दोघांनींच तंटे मिटवावे अशी आपली अपेक्षा!

ग्रंथ अवश्य वाचावा. अटलांट्यांतील चोरांनीं पहाऱ्यावर ठेवलेल्या पोराशीं नायक मनांत किती आपुलकीनें बोलतो, तीं पानें तर दोनदां वाचावीं. तेवढी आपुलकी काकुमाच्या चोरट्याच्या वांट्यास कां आली नाहीं, हें मात्र एगर्सला विचारलें पाहिजे.