तुकोबांचे आकर्षण आणि मराठी ख्रिस्ती काव्य

फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’साठी (१६१६) ओवी स्वीकारली; ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग व कीर्तन. पहिल्या स्वीकारात श्रोत्यांना परिचित असे रूप आहे. दुसऱ्यामागे एक व्यक्ती उभी आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भूमिका होती. या आकर्षणाचे मर्म केवळ छंदाच्या सुलभतेत शोधता येत नाही. तुकोबा उपदेशाबरोबरच स्वतःचा संशय, वैफल्य आणि देवाशी चाललेले भांडणही लोकांसमोर मांडतात. म्हणून त्यांचा उपदेश परका वाटत नाही. पुष्कळशा ख्रिस्ती उपासनागीतांनी चाल घेतली, ही जोखीम मात्र टाळली. वस्तुतः अशी तक्रार बायबलमधील स्तोत्रसंहितेतही आहेच. ती ख्रिस्ती कवीला उसनी घ्यावी लागत नाही. तुकोबांकडून तिचा मराठी सूर तेवढा शिकायचा आहे.